स्पोर्ट्स ॲनालिटिक्सचा प्रोजेक्ट: मार्क नक्की कशाचे मिळतात?

आयपीएलची मॅच बघताना स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘जिंकण्याची शक्यता ६३ टक्के’ अशी पट्टी तुम्ही पाहिली असेलच. असे आकडे कसे काढतात हे आता कॉलेजात शिकता येतं. स्पोर्ट्स ॲनालिटिक्स हा विषय काही ठिकाणी निवडक पेपर म्हणून असतो, काही ठिकाणी डेटा सायन्सच्या कोर्सचा भाग असतो, तर काही जण ऑनलाइन करतात. मी पुण्यात असाच एक पेपर शिकवायला मदत करतो आणि गेली काही वर्षं त्याचे प्रोजेक्ट तपासतो. दर सेमिस्टरला एक प्रश्न ठरलेला असतो: “सर, आमचं मॉडेल ९४ टक्के बरोबर सांगतंय, मग मार्क एवढे कमी का?”

या लेखात त्याच प्रश्नाचं सविस्तर उत्तर देतो. सोबत प्रोजेक्ट कसा निवडायचा, डेटा कुठून आणायचा आणि फक्त फोन असेल तर काय करता येतं, हेही बघू.

आधी थोडं विषयाबद्दल

खेळातल्या नोंदी घ्यायच्या आणि त्यांच्यावरून निर्णयाला उपयोगी पडेल असं काही शोधायचं, एवढीच याची सोपी व्याख्या. २००२ च्या हंगामात ओकलँड ॲथलेटिक्स या अमेरिकन बेसबॉल संघाने कमी पैशात, आकडेवारी बघून खेळाडू निवडले. त्यावर मायकल लुइसचं ‘मनीबॉल’ हे पुस्तक २००३ साली आलं आणि हा विषय जगभर पोहोचला. क्रिकेटला आकडेमोड त्याआधीच माहीत होती. पावसाने खोळंबलेल्या मॅचचं टार्गेट ठरवणारी डकवर्थ-लुईस पद्धत १९९७ मध्ये पहिल्यांदा वापरली गेली. आपल्या केरळच्या व्ही. जयदेवन यांनी काढलेली व्हीजेडी पद्धत भारतातल्या देशांतर्गत सामन्यांमध्ये वापरली गेली आहे.

बहुतेक कोर्समधली पहिली असाइनमेंट असते ‘पायथागोरियन अपेक्षा’. नावाला घाबरू नका. बेसबॉलच्या बिल जेम्सने मांडलेलं हे सूत्र आहे: संघाने केलेल्या धावांचा वर्ग भागिले, केलेल्या धावांचा वर्ग अधिक दिलेल्या धावांचा वर्ग. समजा एका संघाने हंगामात ८०० धावा केल्या आणि ७०० दिल्या. वर्ग झाले ६,४०,००० आणि ४,९०,०००. उत्तर येतं ०.५६६, म्हणजे त्या संघाने साधारण ५७ टक्के सामने जिंकायला हवे होते. प्रत्यक्षात ६५ टक्के जिंकले असतील, तर नशिबाचा हात असू शकतो आणि पुढच्या हंगामात घसरण होण्याची शक्यता जास्त.

मिशिगन विद्यापीठाच्या कोर्सेरावरच्या स्पोर्ट्स ॲनालिटिक्स कोर्समध्येही हे सूत्र सुरुवातीलाच येतं, आणि तिथे बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉलसोबत आयपीएलचाही डेटा वापरला जातो. पण क्रिकेटला हे सूत्र जसंच्या तसं लावलं की गडबड होते. दुसरी बॅटिंग करणारा संघ टार्गेट गाठल्यावर थांबतो. चार ओव्हर आणि आठ विकेट राखून मिळवलेला दणदणीत विजयही धावांच्या हिशेबात एक-दोन धावांचा दिसतो. ज्या विद्यार्थ्याच्या हे लक्षात येतं आणि जो एकूण धावांऐवजी धावगती वापरून बघतो, त्याला त्या असाइनमेंटमध्ये मी चांगले मार्क देतो. सूत्र सगळ्यांनाच लावता येतं, पण ते या खेळाला बसतं का हे थोडेच बघतात.

मार्कांची विभागणी

आमच्याकडे १०० मार्क असे आहेत. दोन छोट्या असाइनमेंटना २०, प्रोजेक्टच्या प्रस्तावाला १०, डेटा आणि कोडला २०, विश्लेषण आणि त्याच्या तपासणीला २०, अहवालाला १५ आणि व्हायवाला १५. दुसरीकडे आकडे वेगळे असतील, पण साचा बहुतेक असाच सापडेल. अमेरिकेतल्या एनएफएलची ‘बिग डेटा बोल’ ही कॅगलवरची स्पर्धा बघा. तिच्या अनेक वर्षांच्या नियमांत परीक्षक खेळाची समज, विश्लेषण, अहवालाचं लेखन आणि आलेख यांना वेगवेगळे गुण देतात.

या यादीत ‘मॉडेल किती टक्के बरोबर आलं’ याला स्वतंत्र मार्क नाहीत, आणि ते मुद्दामच ठेवलेले नाहीत.

९४ टक्क्यांचं काय झालं

सगळ्यात लोकप्रिय प्रोजेक्ट म्हणजे आयपीएलमध्ये प्रत्येक चेंडूनंतर जिंकण्याची शक्यता सांगणारं मॉडेल. मुलं अडीच लाखांहून जास्त चेंडूंचा डेटा घेतात. प्रत्येक चेंडूसमोर धावा, विकेट, उरलेले चेंडू आणि शेवटी कोण जिंकलं ते लिहिलेलं असतं. मग यूट्यूबवरच्या व्हिडिओत दाखवतात तसं ८० टक्के चेंडू मॉडेलला शिकवायला आणि २० टक्के तपासायला, असे रँडम वेगळे काढतात. उत्तर येतं ९४ टक्के. ग्रुप खूश.

आता जरा विचार करा. एका मॅचमध्ये साधारण २४० चेंडू असतात आणि त्या सगळ्यांसमोर निकाल एकच असतो. रँडम वाटणी केली की एकाच मॅचचे १९० चेंडू शिकवणीत जातात आणि ५० परीक्षेत. मॉडेलने खेळ ओळखायची गरजच उरत नाही. ‘टार्गेट १८३, हे मैदान, हे दोन संघ, म्हणजे ती मॅच, ती तर चेन्नईने जिंकली होती’ असं ते पाठ करून टाकतं. परीक्षेच्या आदल्या रात्री पेपर फुटल्यासारखंच हे आहे. याला डेटा लीकेज म्हणतात.

योग्य पद्धत अशी की वाटणी चेंडूंची न करता मॅचची करायची, आणि त्याहून चांगलं म्हणजे हंगामाची करायची. जुने हंगाम शिकवायचे आणि नंतरचा हंगाम तपासायला ठेवायचा, कारण खऱ्या आयुष्यातही मॉडेलला पुढच्याच मॅचबद्दल सांगायचं असतं. असं केलं की आकडा बराच खाली येतो. मी व्हायवामध्ये हा बदल समोर बसवून करायला लावतो. आकडा घसरताना बघून काही जणांचा चेहराच पडतो. पण ज्या ग्रुपने हे स्वतःहून केलेलं असतं आणि अहवालात कमी आलेला आकडा प्रामाणिकपणे लिहिलेला असतो, त्यांना तपासणीचे जवळजवळ पूर्ण मार्क मिळतात.

यात अजून एक गोम आहे. २०२३ पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेयरचा नियम आला, संघांकडे एक जादा फलंदाज आला आणि मोठ्या धावसंख्या वाढल्या. १५ एप्रिल २०२४ ला सनरायझर्स हैदराबादने बेंगळुरूविरुद्ध ३ बाद २८७ केल्या. २००८ ते २०२२ च्या मॅच बघून शिकलेल्या मॉडेलला २०० चं टार्गेट डोंगराएवढं वाटतं, २०२४ मध्ये ते तेवढं राहिलं नव्हतं. याचा उल्लेख असलेला अहवाल वाचला की लिहिणारा खरंच क्रिकेट बघतो हे कळतं.

आणि ‘टक्के बरोबर’ हे मापही शक्यतेसाठी कच्चंच आहे. शेवटच्या ओव्हरला ३० धावा हव्या असताना कोण हरणार हे शेंबडं पोरही सांगेल. असे सोपे चेंडू धरले की टक्केवारी फुगते. त्यासाठी ब्रायर स्कोअर वापरा. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी तो मांडला होता. तुम्ही ७० टक्के म्हणालात आणि संघ जिंकला, तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. हरला तर चूक ०.७, वर्ग ०.४९. सगळ्या अंदाजांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकी चांगली. काहीही न बघता कायम ‘५० टक्के’ म्हणणाऱ्याचा स्कोअर ०.२५ येतो. म्हणजे तुमचं मॉडेल पाचव्या ओव्हरला ०.२४ वर असेल, तर एवढ्या कोडिंगने नाणेफेकीपेक्षा जेमतेम जास्त मिळवलं. ओव्हरप्रमाणे वेगवेगळा स्कोअर दाखवलात तर तपासणाऱ्याला लगेच कळतं की मॉडेल कुठे कामाचं आहे आणि कुठे नाही.

डेटा कुठून आणायचा, आणि साफ कसा करायचा

क्रिकेटसाठी क्रिकशीट ही साइट पुरेशी आहे. कसोटी, वनडे, टी-ट्वेंटी, आयपीएल, महिला प्रीमियर लीग, सगळ्याचा चेंडूगणिक डेटा जेसन आणि सीएसव्ही फाइलमध्ये फुकट मिळतो. फलंदाज, गोलंदाज, धावा, अवांतर, विकेटचा प्रकार, एवढं त्यात असतं. चेंडूचा वेग, टप्पा, फील्डिंग यातलं काही नसतं. त्यामुळे ‘यॉर्करवर कोण चांगलं खेळतं’ असा प्रस्ताव क्रिकशीटच्या जोरावर आणलात तर तो परत येणार. फुटबॉल आवडत असेल तर स्टॅट्सबॉम्बने काही स्पर्धांचा डेटा गिटहबवर मोफत ठेवला आहे, २०१८ आणि २०२२ च्या पुरुष वर्ल्ड कपसकट. तो वापरताना त्यांचं नाव देणं बंधनकारक आहे.

साफसफाई हे कंटाळवाणं काम, पण २० मार्कांतले बरेचसे इथेच जातात. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. २०१६ ला संघाचं नाव होतं रायझिंग पुणे सुपरजायंट्स, २०१७ ला शेवटचा ‘स’ गेला आणि झालं सुपरजायंट. कॉम्प्युटरसाठी हे दोन वेगळे संघ! त्याआधीची पुणे वॉरियर्स मात्र खरंच वेगळी टीम, तिला यात मिसळायचं नाही. दिल्ली डेअरडेव्हिल्सची कॅपिटल्स झाली, किंग्ज इलेव्हन पंजाबची पंजाब किंग्ज, बँगलोरचं बेंगळुरू. मैदानांचंही तेच. फिरोजशाह कोटलाचं नाव २०१९ मध्ये अरुण जेटली स्टेडियम झालं, आणि वानखेडे कधी नुसतं असतं तर कधी पुढे मुंबई लावून.

मग क्रिकेटचे नियम. वाइड हा फलंदाजाने खेळलेला चेंडू धरत नाहीत, नो-बॉल धरतात. वाइड आणि नो-बॉलच्या धावा गोलंदाजाच्या खात्यात जातात, बाय आणि लेगबायच्या नाहीत. रनआउट गोलंदाजाची विकेट नाही. सुपर ओव्हरच्या धावा आकडेवारीत घ्यायच्या नाहीत. हे तुम्हाला गल्ली क्रिकेटपासून माहीत आहे, पण कोडमध्ये उतरवताना अर्धे ग्रुप यातलं एखादं विसरतात. सोपा उपाय सांगतो: ओळखीच्या एका मॅचचं स्कोअरकार्ड उघडा आणि तुमच्या कोडने काढलेला प्रत्येक फलंदाजाचा आणि गोलंदाजाचा आकडा त्याच्याशी जुळवा. अहवालात ही जुळवणी दाखवलीत तर तपासणाऱ्याचा निम्मा संशय तिथेच संपतो.

२४ चेंडूंचा हिरो

‘डेथ ओव्हर्सचा सर्वोत्तम फलंदाज’ हा दुसरा लाडका विषय. यादीत पहिला येतो असा कोणीतरी, ज्याने २४ चेंडूंत ४८ धावा केल्या, स्ट्राइक रेट २००. त्याच्या खाली ४०० चेंडू खेळलेला, १६५ चा. पहिला खरंच भारी का?

शेवटच्या ओव्हर्समध्ये एका चेंडूवरच्या धावा खूप वरखाली होतात, कधी शून्य तर कधी सहा. हिशेबासाठी त्यांचं प्रमाण विचलन १.८ धरू. त्याला चेंडूंच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. २४ चेंडूंना उत्तर येतं ०.३७, म्हणजे स्ट्राइक रेटमध्ये ३७. त्याच्या दुप्पट इकडे-तिकडे धरलं तर २०० चा अर्थ होतो १२७ ते २७३ मध्ये कुठेही. ४०० चेंडूंना तेच ९ येतं, म्हणून १६५ चा अर्थ १४७ ते १८३. पहिल्या फलंदाजाबद्दल आपल्याला जवळपास काहीच माहीत नाही, दुसऱ्याबद्दल बरंच माहीत आहे. आलेखात टिंबासोबत ही रेघ दाखवा. ‘किमान १०० चेंडू’ अशी अट टाकलीत तर १०० च का, ५० किंवा २०० घेतले तर यादी किती बदलते, तेही तपासून लिहा.

खरं सांगू, अशा याद्यांचे प्रोजेक्ट मला फारसे आवडत नाहीत. यादी म्हणजे प्रश्न नव्हे. ‘डेथ ओव्हर्समध्ये नुकत्याच आलेल्या फलंदाजाला सेट व्हायला किती चेंडू लागतात’ हा प्रश्न झाला. त्याचं उत्तर कर्णधाराला उपयोगी पडतं.

कबड्डीचा प्रोजेक्ट

मला आठवणारा सगळ्यात चांगला प्रोजेक्ट क्रिकेटचा नव्हता. चार जणांच्या एका ग्रुपने प्रो कबड्डी घेतली. प्रश्न असा होता: सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू-ऑर-डाय असते, गुण नाही मिळाला तर चढाईपटू बाद. मग या दबावात चढाई जास्त यशस्वी होते की कमी?

क्रिकशीटसारखी तयार फाइल त्यांच्या हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी रिप्ले बघून स्वतः नोंदी केल्या. ४० मिनिटांचा सामना, ३० सेकंदांची एक चढाई, म्हणजे एका सामन्यात ८० च्या आसपास किंवा जास्त चढाया. त्यांनी एक गूगल फॉर्म बनवला: कोणत्या संघाची चढाई, समोर किती बचावपटू, डू-ऑर-डाय आहे का, निकाल काय. फोनची स्क्रीन दोन भागांत करून वर सामना, खाली फॉर्म. उत्तरं आपोआप शीटमध्ये.

शिवाय दोन सामने दोघांनी वेगवेगळे नोंदवले आणि किती जुळतं ते बघितलं. नुसती टक्केवारी इथे फसवते, कारण बऱ्याच चढाया रिकाम्याच जातात आणि दोघांनी डोळे मिटून ‘रिकामी’ लिहिलं तरी बरंच जुळेल. योगायोगाने जुळलेलं वजा करणारं माप म्हणजे कोहेनचा कप्पा, १९६० चं. तो काढल्यावर लक्षात आलं की बोनस गुणावर दोघांचं जुळत नाहीये. मग त्यांनी बोनसची नोंद कशी करायची हे लेखी ठरवलं आणि ते सामने पुन्हा बघितले.

निष्कर्ष? ठाम असा काही नाही. फरक दिसला, पण तेवढ्या चढायांवर तो योगायोगही असू शकत होता, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आणि पुढे एक परिच्छेद असा की वाचून मी खूश झालो: डू-ऑर-डायला प्रशिक्षक कुणालाही पाठवत नाहीत, ठरलेला चढाईपटू जातो. काही संघ तर मुद्दाम दोन चढाया रिकाम्या काढून तिसरीची वाट बघतात. त्यामुळे साध्या चढायांशी थेट तुलना केली तर आपण दबाव मोजतोय की चढाईपटूचा दर्जा, हे वेगळं करता येत नाही. तुलना करायची तर त्याच चढाईपटूच्या दोन प्रकारच्या चढायांची करायला हवी.

त्या वर्षी सगळ्यात जास्त मार्क याच ग्रुपला मिळाले. ९४ टक्केवाल्यांनी तक्रार केली, “त्यांना तर उत्तरच नाही मिळालं!” मी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून त्यांना वाचायला दिले. अर्ध्या तासाने त्यांच्यातली एक मुलगी विचारायला आली की हंगामाप्रमाणे वाटणी करून पुन्हा जमा केलं तर चालेल का. चाललं. मार्क थोडे वाढले, आणि नंतर इंटर्नशिपच्या मुलाखतीत तिने याच घसरलेल्या आकड्याबद्दल सांगितलं असं तिच्याकडून कळलं.

फक्त फोन आहे, मग?

लॅपटॉप नसलेली मुलं दर वर्गात असतात. गूगल कोलॅब फोनच्या ब्राउझरमध्ये चालतं, ‘डेस्कटॉप साइट’ चालू करा म्हणजे झालं. कोड गूगलच्या सर्व्हरवर चालतो, म्हणून स्वस्त फोनही पुरतो. डेटाची झिप फाइल फोनमध्ये उतरवू नका, कोलॅबमध्येच लिंक देऊन थेट तिकडे घ्या, तुमचा नेटपॅक वाचेल. फक्त एक लक्षात ठेवा: सेशन बंद पडलं की तिथल्या फाइल जातात. सुरुवातीलाच ड्राइव्ह जोडून त्यात सेव्ह करत चला.

गूगल शीट्सची मर्यादा एक कोटी सेलची आहे. सगळी आयपीएल त्यात मावते खरी, पण फोनवर उघडताना रडवते. शीट्समध्ये करायचं तर एकच हंगाम किंवा एकच संघ घ्या. हाताने नोंदी करायच्या प्रोजेक्टला मात्र फोनच सगळ्यात सोयीचा. मोठा कोड टच कीबोर्डवर लिहिणं त्रासाचं आहे हे खरं, त्यासाठी कॉलेजच्या लॅबचे दोन-तीन तास ठरवून घ्या.

प्रस्ताव देताना एक गोष्ट टाळा: पैसे लावायच्या फँटसी गेमसाठी टीम सुचवणारं ॲप. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे, आणि तो नसता तरी असा प्रस्ताव मी परत पाठवला असता.

ग्रुप, एआय आणि व्हायवा

चार जणांचा ग्रुप आणि काम दोघांचं, ही तक्रार जुनीच. आम्ही प्रत्येकाकडून एक गुप्त फॉर्म घेतो, कोणी काय केलं याचा. शिवाय व्हायवा एकेकट्याची असते.

चॅटजीपीटीने कोड लिहून घेतला तर चालतं का? आमच्याकडे चालतं, अहवालात तसं लिहायचं एवढीच अट. तुमच्या कॉलेजचा नियम वेगळा असू शकतो, आधी विचारून घ्या. पण व्हायवामध्ये मी एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, ही काढली तर काय होईल? किंवा, तुझ्या डेटातला असा एक चेंडू दाखव जिथे मॉडेल साफ चुकलं, आणि का चुकलं ते सांग. हा दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो. ज्याने डेटा हाताळलाय तो लगेच एखादी मॅच सांगतो, ‘सर, त्या दिवशी दव पडलं होतं आणि दव आमच्या फाइलमध्ये नाही’. ज्याने नुसतं कॉपी-पेस्ट केलंय तो स्क्रोल करत राहतो.

व्हायवाच्या आधी एक काम करा. नोटबुक पूर्ण रीस्टार्ट करून वरपासून खालपर्यंत एकदा चालवून बघा. मधला एखादा सेल डिलीट झालेला असतो, जुनं उत्तर स्क्रीनवर दिसत राहतं आणि आमच्यासमोर पहिल्याच रनला एरर येतो. ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी अकाउंटवरून चालवलंत तर अजून बरं, ड्राइव्हच्या परवानग्यांचा घोळही तेव्हाच कळतो.